पोटातली नवी फट

पोटात कळ आली की पहिलं निदान घरातच होतं. खर्डा असो नाहीतर खारघर, घरातली म्हातारी माणसं सांगतात: वायगोळा उठलाय, पित्त झालंय, बेंबी सरकलीय, काल भरिताबरोबर तीन भाकरी हाणल्यास त्या नडल्या. मग ओवा चावायचा, हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावायचा, गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून पडून राहायचं. या घरगुती निदानाची मी टिंगल करणार नाही, कारण बहुतेक वेळा ते बरोबरच ठरतं. पोटदुखी जशी येते तशी जाते. डॉक्टरही साधारण हेच सांगतो, फक्त ओव्याच्या जागी गोळी देतो.

हे प्रकरण अशा माणसांबद्दल आहे ज्यांच्या पोटाला हा नियम लावून चालत नाही. त्यांचं पोट बाहेरून चारचौघांसारखंच दिसतं. आतला रस्ता मात्र कोणीतरी वळवलेला असतो.

समजा, जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावची पस्तिशीची एक बाई आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याला जाऊन तिने वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं. तेव्हा ती एकशे पंधरा किलोची होती, आता सत्तरच्या आत आली आहे. मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, गुडघे बोलायचे थांबले. ऑपरेशनचं नवरा आणि भाऊ सोडून कोणाला माहीत नाही. बायकांनी विचारलं तर ‘भात-साखर सोडली’ एवढंच सांगते. एका रात्री जेवण झाल्यावर अर्ध्या तासात डाव्या बरगडीखाली कळ सुरू होते आणि पाठीत निघते. कुशीवर होऊन, गुडघे पोटाशी घेऊन ती पडून राहते. तासाभराने दुखणं जातं, जणू काही झालंच नव्हतं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. गावातले डॉक्टर अॅसिडिटीचं इंजेक्शन देतात. तिसऱ्या वेळी जामखेडला सोनोग्राफी होते. रिपोर्ट नॉर्मल. रक्त नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल. सासूबाई म्हणतात, ‘नजर लागली हो, इतकी बारीक झालीस.’

ही बाई मी कल्पनेने उभी केली आहे. तिची हकिगत मात्र हे ऑपरेशन करणाऱ्या कोणत्याही सर्जनला सांगा, तो मधेच थांबवून विचारेल: ‘बायपास की स्लीव्ह?’

या प्रश्नातच सगळी मेख आहे. त्यासाठी आधी आतड्याची ठेवण डोळ्यांपुढे आणावी लागेल. ज्याने बोकड कापताना पाहिला आहे किंवा घरी वजडी साफ केली आहे त्याला सांगायची गरज नाही. आतडं पोटात सुटं पडलेलं नसतं. त्याच्या एका कडेला पातळ पडद्याची झालर असते आणि त्या झालरीत चरबी, रक्तवाहिन्या आणि लसवाहिन्या असतात. वैद्यकाच्या मराठीत तिला आंत्रबंध म्हणतात. परकर डोळ्यांपुढे आणा. नेफ्याशी घेर चुणून एवढासा झालेला असतो आणि खालच्या काठाशी तो पसरतो. आंत्रबंधाचा नेफा पाठीच्या कण्यासमोर चिकटलेला असतो, लांबी जेमतेम पंधरा सेंटिमीटर. काठाला असतं सुमारे सहा मीटर लहान आतडं. एवढ्या लांब आतड्याला हलायला, वळवळायला मोकळीक हवी आणि तरी गुंता होता कामा नये, यासाठी ही रचना आहे. लाखो वर्षं ती नीट चालत आली, कारण पडदा अखंड होता.

बायपासमध्ये सर्जन काय करतो? जठराचा वरचा कोपरा तोडून त्याची एक छोटी पिशवी बनवतो. तिच्यात मावतं वीस-तीस मिलिलिटर, म्हणजे जेवणाचे दोन मोठे चमचे. मग लहान आतडं सुरुवातीपासून थोड्या अंतरावर कापतो. खालचं टोक वर ओढून त्या पिशवीला जोडतो. वरचं टोक, ज्यातून यकृताचं पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येतो, ते खाली शंभर-दीडशे सेंटिमीटरवर आतड्याच्या कुशीला जोडतो. आता अन्न एका चारीतून येतं, पाचक रस दुसऱ्या चारीतून, आणि जिथे दोन्ही मिळतात तिथून पुढे खरं पचन सुरू होतं. शेतात दारं धरणाऱ्याला हे चटकन कळेल, पाणी तेवढंच, वाट बदलली. आकार होतो बेचकीचा. ही बेचकी रूढ केली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या सेझार रू यांनी, १८९० च्या दशकात, आणि तीही वेगळ्याच आजारांसाठी. वजन कमी करण्यासाठी जठराला वळसा घालायची कल्पना अमेरिकेतल्या आयोवाचे एडवर्ड मेसन आणि चिकाशी इतो यांनी १९६६ साली अमलात आणली. रूंची बेचकी तिला नंतर जोडली गेली.

आपल्याकडे हे ऑपरेशन श्रीमंतांचं, मुंबई-पुण्याचं समजलं जायचं. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा मराठी वर्तमानपत्रांतून तिची भरपूर चर्चा झाली. त्यानंतर चित्र बदलत गेलं. मधुमेह गावात पोचला होताच. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत साधारण चौथा हिस्सा स्त्री-पुरुष जादा वजनाचे निघाले. त्यातच आपल्या अंगाची एक खोड आहे, ती पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, निर्देशांक २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. त्यामुळे आशियाई लोकांना हे ऑपरेशन सुचवण्याची पातळीही खाली आली. निर्देशांक २७.५ असला तरी विचार करावा, असं २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या अमेरिकी आणि जागतिक संघटनांनी एकत्र सांगितलं. थोडक्यात, बेचकीवाली पोटं वाढत जाणार आणि ती फक्त कोथरूड-दादरला राहणार नाहीत.

आता फटीकडे येऊ.

आतडं कापलं की परकराचा घेरही कापावा लागतो. खाली जिथे दोन चाऱ्या जोडल्या तिथे पडद्याच्या दोन कापलेल्या कडा समोरासमोर येतात आणि त्यांच्यात एक त्रिकोणी फट राहते. ही पहिली. दुसरी जरा लबाड आहे. आतड्याचं टोक वर पिशवीपर्यंत ओढलं की त्याचा पडदाही बरोबर वर जातो आणि मोठ्या आतड्यासमोर लोंबत राहतो. अंगणात दोरीवर नऊवारी वाळत घातली की तिच्यामागून पोरं इकडून तिकडे पळतात ना, तशी या पडद्यामागे जागा तयार होते. वाल्थर पीटरसन या जर्मन सर्जनने १९०० सालीच या जागेत अडकलेलं आतडं वर्णन करून ठेवलं होतं, म्हणून तिला पीटरसनची जागा म्हणतात. त्या काळी लोक लठ्ठपणासाठी नव्हे, जठराच्या विकारांसाठी ऑपरेशन करून घेत. एखादा सर्जन आतडं मोठ्या आतड्याच्या मागून वर नेतो, तेव्हा तिसरं एक भोकही पडतं.

या फटीतून लहान आतडं पलीकडे सरकलं की त्याला म्हणायचं अंतर्गळ. आपल्याला माहीत असलेला हर्निया जांघेत किंवा बेंबीशी फुगून दिसतो, हाताला लागतो, खोकलं की उसळतो. हा आतल्या आत होतो. बाहेरून पोट मऊ, सपाट. दाबलं तरी फारसं सापडत नाही.

सर्जनने फटी शिवल्या नव्हत्या का? असतीलही. पण यातली सगळ्यात विचित्र गोष्ट पुढेच आहे. ऑपरेशनच्या दिवशी त्या फटी जवळजवळ बंदच असतात, कारण पडदा चरबीने फुगलेला असतो. जाड पडदा फटीत पाचरीसारखा बसतो. मग वजन उतरायला लागतं. पोटावरची चरबी उतरते तशी पडद्यातलीही वितळते, आणि पाचर निघून जाते. घातलेले टाकेही आता सैल कापडावर बसल्यासारखे होतात. म्हणजे ऑपरेशन जितकं यशस्वी, तितकी फट मोठी. म्हणूनच हा त्रास पहिल्या आठवड्यात क्वचित दिसतो. तो येतो वर्ष-दोन वर्षांनी, जेव्हा सगळे कौतुक करत असतात. कधी दहा वर्षांनीही येतो.

दुर्बिणीनेही यात आपला वाटा उचलला आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी ३१ मे १९९० रोजी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी दुर्बिणीतून बायपास केल्याचं प्रसिद्ध केलं. छेद लहान झाले, पेशंट तिसऱ्या दिवशी घरी जाऊ लागला. जुन्या, पोट उघडून केलेल्या ऑपरेशनात आतडी एकमेकांना आणि पोटाच्या भिंतीला चिकटत. सर्जन या चिकटण्याला शिव्या घालत, आणि रास्तच घालत. पण तेच चिकटलेपण आतड्याला जागेवर धरूनही ठेवत होतं. दुर्बिणीने ते कमी झालं आणि मोकळं आतडं मोकळ्या फटीकडे जाऊ लागलं. सुखाची किंमत अशा ठिकाणी मोजावी लागेल हे कोणाच्या ध्यानी आलं नव्हतं.

फट शिवावी की नाही यावर सर्जन लोकांत बरीच वर्षं वाद चालला. त्याचा निकाल बऱ्याच अंशी स्वीडनने लावला. तिथल्या १२ रुग्णालयांत २,५०७ जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली, निम्म्यांच्या फटी शिवल्या, निम्म्यांच्या तशाच ठेवल्या. निष्कर्ष २०१६ मध्ये आले. तीन वर्षांत लहान आतडं अडकल्यामुळे पुन्हा ऑपरेशन करावं लागलं असे लोक न शिवलेल्यांत १०.२ टक्के होते, शिवलेल्यांत ५.५. मात्र शिवलेल्यांत सुरुवातीच्या दिवसांतली गंभीर गुंतागुंत २.८ वरून ४.३ टक्क्यांवर गेली, कारण टाके घालताना खालच्या जोडाला मुरड पडू शकते. माझ्या मते शिवण्याच्या बाजूचं पारडं जड आहे. पण त्या साडेपाच टक्क्यांकडे पुन्हा पाहा. ‘माझ्या फटी शिवल्यात’ असं म्हणणारी बाईही निश्चिंत राहू शकत नाही.

खर्ड्यात उभं राहून अडकण्याबद्दल लिहायचं आणि किल्ल्याचा विषय काढायचा नाही हे जमणार नाही. ११ मार्च १७९५ ला इथे निजाम अली आणि मराठे यांची लढाई झाली. सवाई माधवरावांच्या पेशवाईत नाना फडणवीसांनी शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन असे सगळे एकत्र आणले होते. रात्री निजामाच्या छावणीत गोंधळ उडाला आणि तो मागे सरून खर्ड्याच्या छोट्या भुईकोटात शिरला. शिरताना दार मोठं वाटलं असेल. आत गेल्यावर एवढं सैन्य, एवढा जनाना, जनावरं, आणि बाहेर मराठ्यांचा वेढा. पाण्याची टंचाई झाली. थोड्याच दिवसांत त्याला तह करावा लागला.

फटीत शिरलेल्या आतड्याची अवस्था अशीच असते. सुरुवातीला एखादी वेढोळी जाते आणि परत येते. तेव्हा कळ येते आणि जाते. आपल्या बाईची कुशीवर पडल्यावर जाणारी कळ ही बहुधा आतडं आपोआप मागे सरकल्याची खूण. मग एक दिवस बरंच आतडं जातं, कधी मीटर-दोन मीटर. जेवणाने ते भरतं, फुगतं आणि ज्या वाटेने आलं त्या वाटेने मागे जात नाही. पडद्याला पीळ पडतो. पडद्यातल्या नीला मऊ भिंतीच्या, त्या आधी दबतात. रक्त आत येत राहतं पण बाहेर जात नाही. आतडं सुजतं, लसवाहिन्या तुंबून दुधासारखा पांढरा द्रव पाझरतो. शेवटी रोहिणीही दबली की आतडं काळं पडायला लागतं. तिथून पुढे मोजणी तासांची. ‘आतड्याला पीळ पडला’ असं आपण दुसऱ्याचं दुःख बघून म्हणतो. इथे तो शब्दशः पडलेला असतो.

पोट अडकल्याची लक्षणं प्रत्येक डॉक्टर कॉलेजात शिकतो: उलट्या, पोट फुगणं, शौच आणि वारा बंद. बेचकीवाल्या पोटात हीच शिकवण दगा देते. अडथळा जर पित्ताच्या चारीत असेल तर अन्नाची चारी मोकळीच असते. बाई थोडं खाऊ शकते, शौचाला जाऊ शकते, उलटी फारशी होत नाही; झालीच तर कोरडे उमाळे. तिकडे तोडून ठेवलेलं जुनं जठर पोटातच आहे, त्याला वरचं तोंड नाही. पित्त, स्वादुरस आणि स्वतःचं आम्ल साठत जाऊन ते फुगतं, फुटूही शकतं. नाकातून नळी घातली तर ती पोचते त्या दोन चमच्यांच्या पिशवीत. नळीतून काही येत नाही आणि सगळ्यांना वाटतं, चला, पोट रिकामं आहे.

तपासण्यांचंही तसंच. साध्या एक्स-रेत तुंबलेली चारी दिसत नाही, कारण तिच्यात हवा नाही, द्रव आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि लॅक्टेट बऱ्याच उशिरा वाढतात, म्हणजे नको तेव्हा. सोनोग्राफीची तर एक खास फसगत आहे. झपाट्याने वजन उतरलेल्या माणसाच्या पित्ताशयात खडे होतात, इतके वेळा होतात की ऑपरेशननंतर सहा महिने त्यासाठी गोळी देण्याची पद्धत आहे. सोनोग्राफीत खडे दिसले की कारण सापडल्याचा आनंद होतो, पित्ताशय काढलं जातं, आणि दोन महिन्यांनी बाई पुन्हा कुशीवर. खडे खरे होते. दुखणं त्यांचं नव्हतं.

सगळ्यात कामाची तपासणी म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेला सीटी स्कॅन. त्यात पडद्यातल्या रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या गिरकी घेतलेल्या दिसल्या तर संशय पक्का होतो. पण भोवरा ओळखायला पाहणाऱ्याला बायपासचं माहीत असावं लागतं. चिठ्ठीवर नुसतं ‘पोटदुखी’ असेल तर स्कॅन वाचणारा दुसरंच शोधत बसतो. शिवाय कळ थांबल्यावर काढलेला स्कॅन निर्मळ येऊ शकतो, कारण तेव्हा आतडं जागेवर गेलेलं असतं. म्हणून या क्षेत्रातल्या जाणत्या सर्जननी एक नियम धरला आहे. बायपास झालेल्या माणसाला वारंवार अशी कळ येत असेल आणि तपासण्या नॉर्मल असतील, तर दुर्बीण घालून प्रत्यक्ष पाहायचं. ज्या रोगात फोटो खोटं बोलू शकतो तिथे डोळ्याने बघणं हा उतावीळपणा ठरत नाही.

पण प्रत्येक कळ अंतर्गळाची नसते, हेही सांगायला हवं, नाहीतर हे प्रकरण वाचून कोणी रात्री झोपणार नाही. वरच्या जोडावर व्रण होतो, विशेषतः तंबाखू, विडी, मिसरी सुटलेली नसेल तर. गोड खाल्लं की घाम, धडधड आणि पोटात मुरडा येतो, तो अन्न भसकन आतड्यात उतरल्यामुळे. मूतखडे होतात. बद्धकोष्ठ होतं. जोड आवळला जातो. डेन्मार्कमध्ये बायपास झालेल्या दोन हजारांहून अधिक लोकांना प्रश्नावली पाठवली होती, २०१६ मध्ये तिचे आकडे आले. उत्तर देणाऱ्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याने पोटदुखीची तक्रार केली होती. त्यातल्या काहींचं कारण कधीच सापडत नाही, दुर्बीण घालूनही. त्यांना ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून परत पाठवण्याइतकं वाईट काही नाही.

वजनाचं प्रत्येक ऑपरेशनही असं नसतं. आपल्याकडे फार लोकप्रिय असलेल्या स्लीव्हमध्ये जठर उभं कापून केळ्याच्या आकाराचं करतात, आतड्याला हात लावत नाहीत. २०१७ मध्ये इजिप्तहून मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलेल्या इमान अहमद यांच्यावर हेच केलं होतं. त्यात या फटी तयारच होत नाहीत. एकच जोड असलेला बायपासही भारतात बराच होतो. त्यात खालचा जोड नाही म्हणून एक फट कमी, पण पीटरसनची जागा उरतेच.

म्हणून तो प्रश्न: बायपास की स्लीव्ह? आणि इथे गावाकडची खरी अडचण सुरू होते. बाईला हे माहीतच नसतं. ‘कसलं ऑपरेशन झालं होतं?’ विचारलं तर उत्तर येतं, ‘चरबी काढली.’ ऐकणाऱ्याला वाटतं, कातडीखालची चरबी ओढून काढली असेल. त्याचा पोटदुखीशी काय संबंध! किंवा उत्तरच येत नाही, कारण बरोबर सासूबाई बसल्या आहेत आणि त्यांना सांगितलेलं नाही. पोटावरचे पाच बारीक व्रण तोवर फिके पडलेले असतात. लठ्ठपणाची आपल्याकडे टिंगल होते आणि तो घालवायला ऑपरेशन केलं की त्याचीही होते. त्या लाजेपायी एक वाक्य दाबलं जातं आणि डॉक्टरच्या हातातला एकुलता एक धागा सुटतो.

खर्ड्याहून जामखेड वीस-पंचवीस किलोमीटर, नगर शंभराच्या आसपास, आणि ज्या पुण्यात ऑपरेशन झालं ते त्याच्या दुप्पट लांब. म्हणजे पहिला डॉक्टर वजनाचा सर्जन असणार नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही; त्याच्या सबंध कारकिर्दीत अशी दोन-चार पोटं यायची. पण त्याच्या हातून नेहमीच्या सवयीने होणाऱ्या दोन गोष्टी इथे महागात पडतात. एक म्हणजे दुखणं दाबणारं डायक्लोफेनॅक. कळ थांबते, पण बायपासच्या जोडावर व्रण करण्यात हे औषध पटाईत आहे. दुसरी, ग्लुकोजची सलाईन. ‘अशक्तपणा आहे, बाटली लावा’ हा आपल्याकडचा आग्रहच असतो. चार-सहा दिवस ओकारी होऊन काही खाल्लेलं नसेल तर अशा माणसाच्या अंगात थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, नजर फिरते, तोल जातो, स्मृती कायमची बिघडू शकते. आधी थायामिन, मग ग्लुकोज. इंजेक्शन स्वस्त आहे, आठवण असायला हवी.

गरोदरपणी तर जास्तच डोळ्यात तेल घालावं लागतं. हे ऑपरेशन करून घेणाऱ्यांत तरुण बायका पुष्कळ असतात, आणि वजन उतरलं की पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता वाढते. वाढतं गर्भाशय आतडी वर ढकलतं, आतडी फटीकडे सरकतात. सहाव्या-सातव्या महिन्यात बरगडीखाली कळ आली की सगळे म्हणतात बाळ लाथा मारतंय, पित्त वाढलंय. स्कॅन काढायला सगळे बिचकतात. अशात आई आणि बाळ दोघंही गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून ऑपरेशननंतर किमान वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत असं सांगतात, आणि राहिले तर प्रसूतीच्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत बायपासचं सांगावं.

हे काम गावपातळीवर होणार नाही, असं कोणी म्हटलं तर मला जामखेडचीच आठवण करून द्यावी लागेल. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे आपला आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या, पुष्कळदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांनी भूक ओळखली, अडलेली बाळंतीण ओळखली, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखला. त्या काळी काट्यावर पोराचं वजन भरत नाही ही काळजी होती. त्याच तालुक्यात आता वजन उतरवलेल्या बाईला चार प्रश्न विचारायचे आहेत. कोणतं ऑपरेशन, कधी? किती किलो उतरलं? कळ जेवणानंतर येते का, पाठीत जाते का? कोणत्या कुशीवर बरं वाटतं? यासाठी एमआरआय लागत नाही. सासूबाईंना दोन मिनिटं बाहेर चहा करायला पाठवावं लागतं, एवढंच.

कळ तीन-चार तास थांबत नसेल, नाडी धावत असेल, पोट हाताला कडक लागत असेल, तर चर्चा पुरे. १०८ ला फोन करायचा आणि जिथे सीटी स्कॅन आणि दुर्बिणीचा सर्जन दोन्ही आहेत तिथेच जायचं. जवळचं पण अर्धवट सोयीचं ठिकाण इथे तोट्याचं. वाटेत मूळ सर्जनला फोन लावून दोन डॉक्टरांचं बोलणं घडवून आणायचं, नातेवाइकांनी निरोप्या होऊ नये.

ऑपरेशनच्या टेबलावर शेवटची गंमत असते, तिला गंमत म्हणवत नाही खरं. दुर्बीण आत गेल्यावर समोर फुगलेल्या, जांभळट आतड्यांचा ढीग दिसतो. कुठलं टोक कुठे जातं कळत नाही. वरून, म्हणजे जठराच्या पिशवीपासून माग काढत गेलं तर गुंता वाढतो आणि सुजलेलं आतडं फाटतं. म्हणून अनुभवी सर्जन उलट्या बाजूने येतो. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, उजव्या कुशीत अपेंडिक्सजवळ, तो कोपरा कोणत्याही बायपासमध्ये बदललेला नसतो. तिथलं आतडं चपटं, गुलाबी, रिकामं. ते चिमट्यात धरून हाताहाताने मागे-मागे यायचं. दोरीच्या गुंत्यात मोकळं टोक सापडल्यावर आपण करतो तसं. येता येता आतडं फटीतून आपोआप सुटत जातं आणि जे राक्षसी दिसत होतं ते एकदम ओळखीचं होतं. मग गरम, ओल्या कापडात ते गुंडाळून थांबायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. जांभळा रंग उतरून लाली आली तर सगळं वाचलं. नाही आली तर मेलेला भाग कापावा लागतो, आणि तो फार मोठा असला तर उरलेल्या आयुष्यभर शिरेतून पोषण द्यायची वेळ येते.

लाली आली असं धरू. न विरघळणाऱ्या धाग्याने दोन्ही फटी शिवल्या जातात. बाई चौथ्या दिवशी घरी येते. तिला मिळालेल्या कागदात या वेळी लिहिलेलं असतं: कोणता बायपास, कोणती चारी किती लांब, कोणत्या फटीतून किती आतडं गेलं होतं, काय शिवलं. भाऊ जामखेडच्या स्टँडजवळ त्याच्या तीन झेरॉक्स काढतो. एक कपाटात, एक गावातल्या डॉक्टरांकडे, आणि एक पॉलिथिनमध्ये घालून बाईच्या बाजाराच्या पिशवीत, आधारकार्डाच्या मागे. सासूबाई विचारतात, ‘कसला गं कागद?’ या वेळी ती सांगते.